फुकट मिळालेलं डिजिटल साहित्य विकण्याआधी: हक्क तपासण्यापासून तक्रार हाताळण्यापर्यंत

हक्कभंगाच्या नोटिशीला ‘पण ते नेटवर फुकट होतं’ असं उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. ते उत्तर कुठेच चालत नाही. उलट टोकालाही माणसं आहेत. जे विकायला परवान्यानेच मोकळीक दिली आहे, तेसुद्धा ती घाबरून विकत नाहीत. दोघांची चूक एकच आहे. किंमत शून्य आहे यावरून दोघंही हक्कांचा अंदाज बांधतात, आणि त्या शून्यावरून काहीच कळत नाही. फुकट उतरवता येणारं एखादं पुस्तक विकणं बेकायदा असतं, तर त्याच्याच शेजारचं सॉफ्टवेअर हवी ती किंमत लावून विकलं तरी कायदा आड येत नाही.

दुसरी नेहमीची चूक क्रमाची. आधी साहित्य गोळा होतं, मग मुखपृष्ठ, मग विक्रीपान, आणि परवान्याकडे लक्ष जातं ते पहिली तक्रार आल्यावर. तोवर कोणतं चित्र कुठून घेतलं हेही आठवत नसतं. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा. पहिले पाच पूर्ण होईपर्यंत सजावटीला हात लावू नका.

कायदा देशागणिक बदलतो. मोठी रक्कम गुंतणार असेल तर वकिलाचा सल्ला घ्याच. मात्र त्याच्यासमोर ठेवायची कागदपत्रं याच टप्प्यांतून तयार होतात.

## टप्पा १: विकायच्या वस्तूचे तुकडे पाडा

‘मी एक ई-पुस्तक विकणार आहे’ हे वर्णन अपुरं आहे. जुन्या कथांचं सचित्र ई-पुस्तक घ्या. त्यात मूळ कथा आहेत, त्यांचा अनुवाद आहे, आतली चित्रं आहेत, मुखपृष्ठावरचं छायाचित्र आहे, फॉन्ट आहे, कुणीतरी लिहिलेली प्रस्तावना आणि टिपा आहेत. यातल्या प्रत्येकाचा हक्कदार वेगळा असू शकतो. मूळ लेखक जाऊन शंभर वर्षं झाली असतील, पण अनुवादक हयात असेल.

संगीतात हा गुंता जास्त फसवतो. रचना आणि ध्वनिमुद्रण हे दोन स्वतंत्र हक्क आहेत. दोनशे वर्षांपूर्वीची रचना कुणाचीही नाही, पण एखाद्या वाद्यवृंदाने गेल्या वर्षी केलेलं तिचं मुद्रण त्या वाद्यवृंदाचं किंवा त्यांच्या कंपनीचं असतं. छापील स्वरलिपीच्या नव्या संपादित आवृत्तीवरही वेगळा हक्क असू शकतो.

एक साधी तक्तावही (स्प्रेडशीट) उघडा. प्रत्येक तुकड्याला एक ओळ आणि त्यात हे रकाने: तुकड्याचं नाव, निर्माता, मूळ पानाचा पत्ता, उतरवल्याची तारीख, परवाना आणि त्याची आवृत्ती, अटी, पुराव्याची फाइल. शेवटचा रकाना लोक हमखास गाळतात. तो गाळलात तर बाकीच्या वहीला फारसा अर्थ उरत नाही.

तपासणी: एखाद्या तुकड्याच्या ओळीत निर्मात्याचा रकाना रिकामा राहिला, तर तो तुकडा आत्ताच बाजूला काढा. ‘नंतर शोधू’ म्हणून ठेवलेला तुकडा सहसा तसाच छापून जातो.

## टप्पा २: फाइल नेमकी कुणी टाकली ते शोधा

परवाना देण्याचा अधिकार हक्कदाराला असतो, फाइल चढवणाऱ्याला नव्हे. दुसऱ्याचं छायाचित्र उचलून मोफत छायाचित्रांच्या साइटवर टाकणारे आणि वर ‘व्यावसायिक वापरास मुक्त’ असा शिक्का मारणारे कमी नाहीत. तो शिक्का खोटा असेल तर तुमचा प्रामाणिकपणा नुकसानभरपाई कमी करायला कदाचित उपयोगी पडेल, पण विक्री थांबवावीच लागेल.

चित्र असेल तर चित्राने शोध घेणाऱ्या एकाहून अधिक साधनांत ते टाकून पाहा. सर्वांत जुनी नोंद कुठली, सर्वांत मोठ्या आकाराची प्रत कुठे आहे, हे बघा. ज्याच्या खात्यावर एकाच शैलीतली, एकाच प्रसंगाची अनेक छायाचित्रं आहेत तो बहुधा खरा छायाचित्रकार. जे खातं कालच उघडलं आहे आणि ज्यावर चाळीस वेगवेगळ्या शैलींची कामं टाकली आहेत, तिथून काही घेऊ नका. मजकुराच्या बाबतीत मधलं एखादं चमत्कारिक वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधलं की मूळ लवकर सापडतं.

मूळ पान सापडलं की तीन गोष्टी एकाच बैठकीत करा. परवाना दिसेल असा पानाचा स्क्रीनशॉट घ्या, ते पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये साठवा, आणि मूळ फाइल तिच्या मूळ नावासकट वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. याचं कारण व्यावहारिक आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) म्हणजे आपलं काम इतरांना वापरू देण्यासाठी निर्मात्यांनी लावायचे तयार परवाने, आणि असा परवाना एकदा दिला की त्याचं पालन करणाऱ्याकडून तो परत घेता येत नाही. पण निर्मात्याने उद्या पानावरची ओळ बदलली तर आज ती काय होती हे तुम्हालाच दाखवावं लागेल. साइटचे स्वतःचे परवानेही बदलतात. पिक्साबे या मोफत चित्रांच्या साइटने जानेवारी २०१९ मध्ये सीसी झिरो (सगळे हक्क सोडून देणारा प्रकार) सोडून स्वतःचा परवाना लावला, त्यामुळे तिथल्या चित्रांच्या बाबतीत तारीख महत्त्वाची ठरते.

सावधान: ‘पुनर्विक्री हक्कासह’ मिळणाऱ्या तयार ई-पुस्तकांचे आणि टेम्पलेट्सचे गठ्ठे विकले जातात. त्यांत विकणाऱ्याकडे हक्क कुठून आला याची साखळी बहुतेक वेळा मिळत नाही. ती लेखी मिळाली नाही तर गठ्ठा कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

## टप्पा ३: परवाना शब्दशः वाचा

इथे घाई करणाऱ्यांची संख्या सर्वांत जास्त, म्हणून जरा थांबून बघू.

परवाना लिहिलेलाच नाही. म्हणजे सर्व हक्क राखीव. बर्न करार मानणाऱ्या देशांत, म्हणजे जगातल्या बहुतेक देशांत, कॉपीराइट निर्मितीबरोबरच लागू होतो. नोंदणी किंवा © चिन्ह लागत नाही. गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर परवान्याची फाइल नसलेला कोड सगळ्यांना दिसतो, साइटच्या अटींनुसार तिथल्या तिथे त्याचा फोर्कही (आपल्या खात्यातली प्रत) करता येतो, पण तो उचलून विकता येत नाही. ई-मेलवर फुकट पाठवलेले नमुने, छापण्याजोगे तक्ते, विणकामाचे आराखडे यांनाही हेच लागू. फुकट देणाऱ्याने तुम्हाला एक प्रत दिली, वितरणाचा हक्क दिलेला नाही.

‘पण मी माझी प्रत विकतोय, जुनं पुस्तक विकतात तसं’ हा युक्तिवादही डिजिटल फाइलला फारसा लागत नाही. अमेरिकेत २०१८ च्या रीडिजी प्रकरणात आणि युरोपात २०१९ च्या टॉम कॅबिनेट प्रकरणात न्यायालयांनी तो नाकारला. पहिलं संगीताच्या फाइलींबद्दल होतं, दुसरं ई-पुस्तकांबद्दल.

सीसी झिरो. निर्मात्याने शक्य तेवढे सगळे हक्क सोडले. विकता येतं, श्रेयाची कायदेशीर सक्ती नाही.

सीसी बाय. विकता येतं. श्रेय, परवान्याचा दुवा आणि केलेल्या बदलांचा उल्लेख हवाच.

सीसी बाय-एसए. हाही विकता येतो, आणि इथेच लोक गडबडतात. त्या साहित्यात फेरफार करून तुम्ही नवी कृती केलीत तर ती त्याच परवान्याखाली द्यावी लागते. याचा अर्थ तुमचा पहिला गिऱ्हाईक ती फाइल दुसऱ्या दिवशी जगाला फुकट वाटू शकतो आणि तुम्ही त्याला रोखू शकत नाही. हे पचत नसेल तर हे साहित्य तुमच्या धंद्याचं नाही. मात्र ही अट शेजारच्या प्रत्येक गोष्टीला चिकटत नाही. एका छायाचित्रकाराचं बाय-एसए छायाचित्र एका नकाशा-प्रकाशकाने आपल्या नकाशासंग्रहाच्या मुखपृष्ठावर वापरलं. २०१५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने सांगितलं की त्यामुळे सगळा नकाशासंग्रह त्या परवान्याखाली येत नाही. तो संग्रह होता, त्या छायाचित्राचं रूपांतर नव्हतं.

एनसी (नॉन-कमर्शियल, म्हणजे अव्यावसायिक) असलेले सगळे प्रकार. विकू नका. ‘मी फक्त खर्चापुरते पैसे घेतो’ ही पळवाट धरू नका, कारण परवान्याचा भर मुख्यतः व्यापारी लाभासाठी किंवा पैशाच्या मोबदल्यासाठी केलेल्या वापरावर आहे आणि खर्च-नफ्याचा वाद तुम्हालाच लढावा लागेल. मोफत शिक्षणसाहित्यात एनसी फार आढळतं. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरचा परवाना सीसी बाय-एनसी-एसए आहे. त्यातली व्याख्यानं ‘संपूर्ण कोर्स’ म्हणून विकणं हा सरळ भंग. शाळेच्या वतीने एनसी साहित्याच्या प्रती पैसे घेऊन काढणाऱ्या कंपनीला २०१८ मध्ये एका अमेरिकी अपील न्यायालयाने दोषी धरलं नाही. पण ती कंपनी शाळेची हस्तक म्हणून काम करत होती. स्वतःहून प्रती काढून बाजारात मांडणाऱ्याला तो निकाल वाचवणार नाही. एनसी साहित्य खरंच हवं असेल तर निर्मात्याला पत्र लिहा. तो वेगळा व्यावसायिक परवाना देऊ शकतो, आणि पुष्कळदा वाजवी अटींवर देतोही.

एनडी. बदल न करता, आहे तसं. सीसी बाय-एनडी असेल तर विकता येईल, पण अनुवाद करून किंवा फेरफार करून नाही.

साइटचे स्वतःचे परवाने. अनस्प्लॅश ही मोफत छायाचित्रांची साइट व्यावसायिक वापर देते, पण छायाचित्र लक्षणीय बदलाशिवाय विकायला मनाई करते, आणि तिथली छायाचित्रं गोळा करून तशीच स्पर्धक सेवा उभारायलाही. म्हणजे लेखात वापरा, जाहिरातीत वापरा. तेच चित्र पोस्टर म्हणून विकू नका. ‘व्यावसायिक वापर’ आणि ‘पुनर्विक्री’ यांतला हा फरक साइटच्या ठळक अक्षरांत सापडत नाही. तो खालच्या अटींत असतो.

फॉन्ट. गूगल फॉन्ट्सवरचे बहुतेक फॉन्ट एसआयएल ओपन फॉन्ट परवान्याखाली आहेत. त्यांचा वापर करून केलेलं पुस्तक किंवा चित्र खुशाल विका. फॉन्टची फाइल सॉफ्टवेअरबरोबर जोडून देता येते, पण नुसता फॉन्ट विकता येत नाही. ‘वैयक्तिक वापरासाठी मोफत’ असा फॉन्ट विक्रीच्या मुखपृष्ठावर नको.

मुक्त सॉफ्टवेअर. एमआयटी, बीएसडी, अपाचे परवान्यांखालचा कोड विकता येतो. मूळ कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवायचा, अपाचेत नोटीस फाइल असेल तर तीही. जीपीएल या परवान्याखालचं सॉफ्टवेअर हवी ती किंमत लावून विकता येतं. मात्र प्रोग्रामबरोबर स्रोत-कोड द्यावा लागतो किंवा तो मिळण्याची परवान्यात सांगितलेली सोय करावी लागते, आणि घेणाऱ्याला तो पुढे वाटण्यापासून अडवता येत नाही. मुक्त परवान्याच्या अटी मोडणं म्हणजे नुसता शिष्टाचाराचा प्रश्न आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी २००८ चा जेकबसन विरुद्ध कॅट्झर हा निकाल लक्षात ठेवावा. श्रेय आणि सूचना गाळणं हा कॉपीराइटचाच भंग ठरू शकतो, असं तिथे ठरलं.

सावधान: सीसी झिरो सोडून इतर सीसी साहित्यावर डीआरएमचं (प्रती काढणं रोखणाऱ्या तंत्राचं) कुलूप लावता येत नाही, आणि ‘पुनर्वितरणास सक्त मनाई’ असा स्वतःचा शिक्काही मारता येत नाही. ई-पुस्तकाच्या दुकानात डीआरएमचा पर्याय एका खुणेवर चालू होतो आणि त्या एका खुणेने परवाना मोडतो. विक्रीपान भरताना तिथे नीट बघा.

## टप्पा ४: पब्लिक डोमेनचं गणित स्वतः मांडा

पब्लिक डोमेन म्हणजे ज्यावर कुणाचाच कॉपीराइट उरलेला नाही असं साहित्य. ‘जुनं आहे’ हा त्याचा पुरावा नाही. बर्न कराराने कॉपीराइटची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं ठरवली आहे. भारतात लेखी साहित्याला मृत्यूनंतर ६० वर्षं, युरोपीय संघात ७०. दोन्हीकडे गणना मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून होते. अमेरिकेत १९७८ पूर्वी प्रसिद्ध झालेल्या आणि अजून संरक्षित असलेल्या कृतींसाठी प्रकाशनाच्या वर्षापासून ९५ वर्षं धरतात.

उदाहरण घेऊ. थॉमस मान हे जर्मन लेखक १९५५ साली वारले. ६० वर्षांच्या नियमाने त्यांचं लेखन १ जानेवारी २०१६ ला मोकळं झालं, ७० वर्षांच्या नियमाने १ जानेवारी २०२६ ला. अमेरिकेत मात्र प्रत्येक पुस्तकाचं प्रकाशनवर्ष वेगळं पाहावं लागतं. हा नुसता गणिताचा खेळ नाही. मान आणि इतर दोन लेखकांच्या पुस्तकांवरून एका जर्मन प्रकाशकाने प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या साइटवर खटला भरला, निकाल विरोधात गेला आणि २०१८ मध्ये गुटेनबर्गने जर्मनीसाठी आपली साइटच बंद ठेवली. पुढे २०२१ मध्ये तडजोड झाली. गुटेनबर्ग पुस्तकांची तपासणी अमेरिकी कायद्यानुसार करतं. तुम्ही जिथे विकता तिथली तपासणी तुमची तुम्हालाच करायची आहे.

गुटेनबर्गच्या फाइलींबद्दल आणखी एक. त्यांचं नाव ही नोंदणीकृत खूण आहे. नाव ठेवून पैसे घेतलेत तर त्यांच्या परवान्यानुसार ढोबळ नफ्याच्या २० टक्के स्वामित्वधन द्यावं लागतं. त्यांचं नाव आणि परवान्याचा मजकूर पूर्णपणे काढून टाकलात, आणि पुस्तक तुमच्या देशात मोकळं असेल, तर ती अट उरत नाही. अर्धवट काढून टाकणं ही सर्रास होणारी चूक. फाइलच्या सुरुवातीचा मजकूर काढतात, शेवटचा विसरतात.

सरकारी साहित्याबद्दलही एक गैरसमज आहे. अमेरिकी संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेली निर्मिती तिथे कॉपीराइटमुक्त असते. बाकीच्या सरकारांना हा नियम आपोआप लागू होत नाही.

जुन्या चित्रांची छायाचित्रं हा चांगला मुलूख आहे. सपाट चित्राच्या हुबेहूब छायाचित्राला नवा कॉपीराइट मिळत नाही, असं अमेरिकेत १९९९ च्या ब्रिजमन निकालाने म्हटलं, आणि युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशातही तसंच कलम आलं. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम २०१७ पासून आपल्याकडच्या मोकळ्या कलाकृतींच्या प्रतिमा सीसी झिरोखाली देतं. अशा ठिकाणचं साहित्य घेतलं तर अर्धी डोकेदुखी वाचते.

तपासणी: प्रत्येक जुन्या तुकड्यासमोर मृत्यूचं वर्ष, प्रकाशनाचं वर्ष आणि विक्रीचे देश लिहिले का? अनुवादकाचं मृत्युवर्ष वेगळं लिहिलं का?

## टप्पा ५: कॉपीराइटबाहेरचे अडथळे

छायाचित्र सीसी झिरो असलं तरी त्यात दिसणाऱ्या माणसाने आपला चेहरा विक्रीला दिलेला नसतो. ओळखू येणारा चेहरा असेल आणि मॉडेलची लेखी संमती नसेल, तर ते चित्र विक्रीच्या वस्तूवर घेऊ नका. चिन्हं आणि व्यापारी नावं यांचंही तसंच. नासाची छायाचित्रं सामान्यतः कॉपीराइटमुक्त असतात, पण नासाचं बोधचिन्ह वापरता येत नाही आणि नासाचा तुम्हाला पाठिंबा आहे असं सूचित करता येत नाही.

मुक्त सॉफ्टवेअर विकताना हाच खड्डा मोठा आहे. कोड तुम्हाला मिळाला, नाव मिळालेलं नाही. मूळ प्रकल्पाचं नाव आणि चिन्ह लावून, ‘अधिकृत’ वाटेल अशा पानावर प्रत विकणं व्यापारचिन्हाच्या कायद्यात अडकतं. वेगळं नाव द्या आणि कशावर आधारित आहे ते साध्या वाक्यात लिहा.

माहितीचे साठे विकणाऱ्यांसाठी: नुसत्या तथ्यांवर कॉपीराइट नसतो, पण युरोपीय संघात डेटाबेस उभारणाऱ्याला १५ वर्षांचा स्वतंत्र हक्क आहे. ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशा-प्रकल्पाचा डेटा घेऊन शहरांचे नकाशे छापून विकणारे आहेत आणि परवान्याने ते चालतंही, फक्त नकाशावर त्यांचं श्रेय हवं. तोच डेटा सुधारून डेटाबेस म्हणून लोकांना दिला, तर तो त्याच परवान्याखाली मोकळा ठेवावा लागतो.

## टप्पा ६: दुकानाचे नियम कायद्याहून कडक असतात

कायद्याने विकता येणारी वस्तू दुकान नाकारू शकतं, आणि त्याविरुद्ध दाद मागायला फारशी जागा नसते. अमेझॉनच्या केडीपीवर (स्वतः पुस्तक प्रकाशित करण्याच्या सेवेवर), नेटवर मोफत असलेला मजकूर तुम्ही हक्कदार नसाल तर घेतला जात नाही. पब्लिक डोमेन पुस्तकाची मोफत आवृत्ती त्यांच्या दुकानात असेल तर तुमच्या आवृत्तीत नवा अनुवाद, नव्या टिपा किंवा किमान दहा नवी चित्रं, यातलं काही तरी लागतं आणि ते शीर्षकात सांगावं लागतं. अशा पुस्तकांना ७० टक्के स्वामित्वधनाचा पर्यायही मिळत नाही, ३५ वर भागवावं लागतं. किंमत ठरवण्याआधी हे माहीत हवं.

नियम मध्येच बदलतात. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या दुकानात मोफत मिळणारं मुक्त सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकायला बंदी घालणारा नियम जाहीर केला, त्यावर टीका झाली आणि ती शब्दरचना मागे घ्यावी लागली. ज्या दिवशी वस्तू चढवाल त्या दिवशीच्या नियमांची प्रत त्या तक्तावहीत जोडा.

## टप्पा ७: कायद्याने चालतं, पण विकावं का?

हा टप्पा ‘ज्याचं त्याने बघावं’ म्हणून सोडून दिला जातो. मला तो टाळता येण्यासारखा वाटत नाही, कारण परतावे, वाईट अभिप्राय आणि निर्मात्यांचा जाहीर संताप इथूनच सुरू होतो.

फ्लिकर या छायाचित्रांच्या साइटने २०१४ च्या नोव्हेंबरात सदस्यांची सीसी परवान्याखालची, व्यावसायिक वापराला मोकळी असलेली छायाचित्रं भिंतीवर लावायच्या चौकटीत छापून विकायला काढली. परवान्यात बसत होतं. छायाचित्रकारांना त्यात वाटा नव्हता. महिन्याभरात ती योजना गुंडाळावी लागली. याहून टोकाचं उदाहरण कॅरल हायस्मिथ या अमेरिकी छायाचित्रकार बाईंचं. त्यांनी हजारो छायाचित्रं लोकांच्या मुक्त वापरासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली होती. त्यातलंच एक स्वतःच्या साइटवर वापरलं म्हणून त्यांना १२० डॉलर भरण्याची मागणी करणारं पत्र आलं. त्यांनी २०१६ मध्ये छायाचित्रं विकणाऱ्या गेटी इमेजेस या कंपनीवर खटला भरला, पण हक्क सोडलेले असल्यामुळे कॉपीराइटचे दावे टिकले नाहीत. कायदा विक्रेत्यांच्या बाजूला राहिला. तरी ते पत्र वाजवी होतं असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

या दोन प्रकरणांत फरक आहे. फ्लिकरने विकण्यात चुकीचं असं फार नव्हतं. निर्मात्यांना न विचारणं अंगाशी आलं. दुसऱ्या प्रकरणात मोकळ्या वस्तूवर मालकी सांगून पैसे मागितले गेले. पहिल्याला दुरुस्ती आहे: सांगा, विचारा, जमल्यास वाटा द्या. दुसरं करूच नका. त्याचंच आजचं रूप म्हणजे पब्लिक डोमेन संगीत आपल्या नावावर वितरित करायचं आणि मग इतरांच्या व्हिडिओंवर स्वयंचलित दावे लावायचे. यूट्यूबच्या कंटेंट आयडी या स्वयंचलित दाव्यांच्या व्यवस्थेत अशा साहित्यावर दावा करायला नियमानेच मनाई आहे.

आता स्वतःच्या वस्तूबद्दल एक प्रश्न विचारा. गिऱ्हाइकाला विकत घेतल्यावर मूळ मोफत पान सापडलं, तर तो काय म्हणेल? ‘ठीक आहे, मला हे लावून, तपासून, एका जागी मिळालं’ असं म्हणणार असेल तर विका. नवा अनुवाद, टिपा, दुरुस्त केलेलं अक्षरजुळणीचं काम, छापील प्रत, चाचणी केलेलं आणि मदतीसह मिळणारं सॉफ्टवेअर, विषयानुसार केलेली निवड, या सगळ्याला पैसे मागण्यात लाज वाटायचं कारण नाही. स्वयंसेवकांनी वाचलेली लिब्रिवॉक्सची ध्वनिपुस्तकं विकायलाही मोकळी आहेत, आणि ते स्वतःच तसं सांगतात. पण नुसतं फाइलचं नाव बदलून, मूळ लपवून विकत असाल तर तुम्ही गिऱ्हाइकाच्या अज्ञानाची किंमत लावताय.

तपासणी: विक्रीपानावर ‘मूळ साहित्य अमुक ठिकाणी मोफत उपलब्ध आहे, या आवृत्तीत आम्ही हे केलं आहे’ असं लिहून पाहा. ते वाक्य लिहिल्यावर वस्तू विकण्याजोगी वाटत नसेल, तर वस्तूत भर घाला. वाक्य खोडू नका.

## टप्पा ८: श्रेय आणि विक्रीपान

श्रेयाच्या ओळीत पाच गोष्टी लागतात: कृतीचं नाव असेल तर ते, निर्माता, मूळ पानाचा दुवा, परवान्याचं नाव-आवृत्ती आणि दुवा, केलेले बदल. नमुना असा:

«‘पावसाळी डोंगर’, छायाचित्र: (निर्मात्याचं नाव), मूळ: (पानाचा दुवा), परवाना: सीसी बाय ४.० (परवान्याचा दुवा). कडा कापल्या आहेत, रंग बदलले आहेत.»

‘सौजन्य: गूगल’ किंवा ‘सौजन्य: इंटरनेट’ हे श्रेय नव्हे. तो हलगर्जीपणाचा लेखी कबुलीजबाब आहे. श्रेय वस्तूच्या आत हवं. फक्त विक्रीपानावर असेल तर फाइल उतरवल्यावर ते मागे राहतं. त्याच वेळी निर्मात्याचं नाव जाहिरातीसारखं मोठं छापू नका, त्याचा तुमच्या वस्तूला पाठिंबा असल्याचा भास व्हायला नको.

विक्रीपानावर ‘सर्व हक्क राखीव’ हे वाक्य टेम्पलेटमधून आपोआप येतं. ते काढा. तुमच्या टिपा, तुमची मांडणी, तुमचा अनुवाद यांवर तुमचा हक्क सांगा आणि बाकीचं कोणत्या परवान्याखाली आहे ते वेगळं लिहा. ‘एक्सक्लुझिव्ह’ हा शब्द तर इथे खोटाच ठरतो.

## टप्पा ९: तक्रार आली तर

पहिल्या दिवशी विक्री थांबवा. याला चूक मान्य करणं म्हणत नाहीत. नुकसान वाढू न देणं म्हणतात. मग तक्तावहीतली ओळ आणि पुराव्याची फाइल उघडा. उत्तर त्यानंतर लिहा.

परवान्याची आवृत्ती इथे फार कामाला येते. सीसी ४.० मध्ये अट मोडली तर हक्क संपतात, पण चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती सुधारली की ते आपोआप परत मिळतात. आधीच्या आवृत्त्यांत ही सवलत नाही. तिथे हक्क संपले की निर्मात्याकडून नव्याने परवानगी घ्यावी लागते. जुन्या आवृत्तीतल्या एखाद्या गाळलेल्या श्रेयावरून मोठी रक्कम मागणारेही आहेत. अशा पत्राला घाबरून लगेच पैसे पाठवू नका आणि दुर्लक्षही करू नका. मागणारा खरंच हक्कदार आहे का, कोणती आवृत्ती, कोणती अट मोडली, हे लेखी विचारा. रक्कम मोठी असेल तर वकील गाठायची वेळ हीच.

तक्रार खरी निघाली तर तुकडा बदलून नवी प्रत चढवा आणि ज्यांनी आधीची घेतली त्यांना कळवून नवी प्रत मोफत द्या. आख्खी वस्तूच मागे घ्यावी लागली तर पैसे परत करा. तक्तावहीतली ती ओळ मात्र पुसू नका. कशावरून तक्रार आली, कोणत्या तारखेला विक्री थांबवली, कोणाला काय कळवलं हे तिच्यासमोर लिहून ठेवा, आणि त्याच स्रोतावरून घेतलेले बाकीचे तुकडे त्याच आठवड्यात पुन्हा तपासा.